सेंद्रिय शेतकऱ्यांसाठी सरकारकडे काय मागायचं आणि ते पदरात कसं पाडून घ्यायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गटात 40 शेतकरी, सहा वर्षांची सेंद्रिय शेती, दोन वर्षांत सात निवेदनं आणि हातात फक्त सात पोचपावत्या. आता सरकारकडे नेमकं काय मागायचं, कुणाकडे मागायचं आणि ते मिळवायचं कसं? मी 22 वर्षं सेंद्रिय शेती करतो आहे. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं शेतकरी गटांच्या वतीने कचेऱ्यांत, सुनावण्यांत आणि मसुद्यांवरच्या बैठकांत बसलो आहे. काही मिळवलं, बरंच हातचं गेलं. त्या अनुभवावरून लिहितो.

तुम्ही पाठवलेल्या निवेदनात चौदा मागण्या आहेत. प्रमाणपत्राचा खर्च, हमीभाव, गांडूळखताला अनुदान, स्वतंत्र बाजार, शीतगृह, स्थानिक बियाणं, संशोधन केंद्र, रासायनिक खतांवर बंदी आणि बाकीच्या. पण असा कागद हातात आला की तो कुठल्या टेबलाकडे पाठवायचा हेच अधिकाऱ्याला ठरवता येत नाही. पैशाची बाब एका खात्याची, बियाण्याची दुसऱ्या, बाजाराची तिसऱ्या, बंदीला तर कायदाच लागतो. मग त्यावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडतो आणि कागद फिरत राहतो.

आमच्या गटाचं पहिलं निवेदन असंच होतं. आम्ही पाच जण गेलो होतो. समोरच्या बाईंनी ते शेवटपर्यंत वाचलं, पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, “यातली एक सांगा, जी माझ्या टेबलावरून येत्या तीन महिन्यांत पुढे सरकू शकेल.” आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. एक म्हणाला प्रमाणपत्र, दुसरा म्हणाला बाजार, तिसऱ्याने खताचा विषय काढला. आम्हा पाच जणांतच एकमत नव्हतं. बाई मनापासून विचारत होत्या आणि आम्ही तयारीशिवाय गेलो होतो. परत येताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही. त्यानंतर गटाची बैठक झाली ती संध्याकाळी सुरू होऊन रात्री उशिरा संपली, आणि त्या बैठकीत ठरलं ते आजही मला पटतं: पहिली मागणी रूपांतराच्या काळाची, म्हणजे रासायनिक शेती सोडून पूर्ण सेंद्रिय होईपर्यंतच्या वर्षांची करायची.

रसायनं बंद केली म्हणून दुसऱ्या दिवसापासून माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. युरोपीय संघाच्या नियमांत हंगामी पिकांना पेरणीआधी दोन वर्षं आणि बहुवार्षिक पिकांना तोडणीआधी तीन वर्षं थांबावं लागतं. अमेरिकेत काढणीच्या आधीचे 36 महिने त्या जमिनीवर निषिद्ध पदार्थ पडलेला चालत नाही. भारताच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमातही साधारण दोन आणि तीन वर्षंच आहेत. म्हणजे या काळात शेतकरी शेती सेंद्रिय पद्धतीने करतो आणि भाव मात्र साध्या मालाचा घेतो. त्याच वेळी उत्पन्नही उतरलेलं असतं. जमिनीत टाकलेल्या शेणखतातलं, हिरवळीच्या खतातलं नत्र पिकाला हवं त्याच आठवड्यात मोकळं होत नाही. ते मोकळं करणारे सूक्ष्मजीव पुन्हा वाढायला वेळ घेतात. तण हाताने काढावं लागतं, मजुरी वाढते. मी पाहिलेल्या बहुतेक शेतांत दुसरं वर्ष सर्वांत जड गेलं. पहिल्या वर्षी जुन्या खतांचा अंश जमिनीत असतो, तिसऱ्या वर्षी माती साथ द्यायला लागते; मधल्या वर्षी दोन्ही नसतं.

सेंद्रिय शेती सोडून गेलेल्या माझ्या ओळखीच्या शेतकऱ्यांपैकी जवळजवळ सगळे याच काळात गेले. पद्धतीवरचा विश्वास उडाला म्हणून कुणी गेलं नाही, घरात पैसा उरला नाही म्हणून गेले. जे टिकले त्यांच्या घरात एखादी नोकरी होती, दुसरं शिवार होतं किंवा थोडी शिल्लक होती. याचा अर्थ असा की आज सेंद्रिय होण्याचा खर्च एकटा शेतकरी उचलतो आणि त्याचा फायदा सगळ्यांना मिळतो. खालच्या विहिरीचं पाणी स्वच्छ राहतं, मधमाश्या टिकतात, फवारणी करणाऱ्या मजुराच्या अंगावर विष पडत नाही. धोरणाने हा हिशेब दुरुस्त करावा, एवढंच आपलं म्हणणं आहे. ते एका वाक्यात मांडता येतं आणि ते एका टेबलावर निकाली निघू शकतं.

मागणीचे शब्दही नेमके हवेत. ‘सेंद्रिय शेतीला प्रोत्साहन द्यावे’ या वाक्यावर कुणीच आदेश काढू शकत नाही. ‘रूपांतराच्या तीन वर्षांत प्रति हेक्टर ठरावीक रक्कम, पेरणीआधी, जमीन कसणाऱ्याच्या खात्यात, आणि त्यानंतर पद्धत टिकवून ठेवण्यासाठी कमी दराने वार्षिक रक्कम’ या वाक्यावर काढू शकतो. यातला प्रत्येक शब्द अनुभवाने आला आहे. पेरणीआधी, कारण हंगाम संपल्यावर आलेला पैसा सावकाराचं व्याज फेडण्यात जातो. कसणाऱ्याच्या खात्यात, कारण खंडाने कसणारा शेतकरी मालकाच्या नावावरच्या योजनेत कधीच बसत नाही. आणि त्याला पुढच्या वर्षी हीच जमीन मिळेल याची खात्री नसेल तर तो तीन वर्षांचं रूपांतर सुरू तरी कसं करील? म्हणून निदान रूपांतराच्या काळापुरता लेखी खंडकरार मान्य करण्याची तरतूदही सोबत मागा. शेवटचा भाग टिकवण्याचा. युरोपच्या सामाईक कृषी धोरणात रूपांतरासाठी आणि टिकवण्यासाठी अशी दोन्ही प्रकारची मदत आहे. नुसती रूपांतराची मदत दिली आणि पुढे काही नसेल, तर तीन वर्षं संपताच काही शेतकरी मागे फिरतात आणि सरकार म्हणतं, बघा, योजना फसली.

आता रक्कम किती मागायची? इथे मी तुम्हाला थोडा आग्रह करणार आहे. आकडा वर्तमानपत्रातून किंवा दुसऱ्या देशातून उचलू नका, तो तुमच्या वहीतून यायला हवा. 40 शेतकऱ्यांनी प्रत्येकी एकच प्लॉट निवडावा आणि त्याची वही ठेवावी: तारीख, काम, माणसं किती आणि किती तास, निविष्ठा (बियाणं, खत, फवारा) कुठली आणि किती, काढणीचं वजन, विक्रीचा भाव आणि घेणाऱ्याची पावती. शेजारच्या रासायनिक शेतीच्या प्लॉटचेही तेच आकडे, शेजाऱ्याच्या संमतीने. आमच्या गटातल्या एका काकूंनी मजुरीचे तास दिनदर्शिकेच्या चौकोनात लिहिले होते. रोज रात्री एक आकडा आणि बाजूला ‘खु’, ‘का’ किंवा ‘फ’. खुरपणी, काढणी, फवारणी. खर्च-मंजुरीच्या बैठकीत आम्ही छापील तक्ते मांडले, तेव्हा अधिकाऱ्यांनी ते चाळून बाजूला ठेवले. मग ती दिनदर्शिका पुढे केली. तिच्यावर हळदीचे डाग होते आणि पानं फिरवून फिरवून कोपरे मऊ पडले होते. अधिकारी महिन्यामागून महिना उलटत गेले आणि पहिल्यांदाच स्वतःहून विचारलं, “खुरपणीला एवढे तास लागतात?” पुढची चर्चा त्याच आकड्यावर झाली. आमच्या मागणीतली हेक्टरी रक्कम शेवटी जवळजवळ त्याच तासांच्या हिशेबाने ठरली.

वहीत तोटा दिसला तर तो झाकू नका. सेंद्रिय शेतीचं उत्पन्न रासायनिकपेक्षा सरासरी कमी येतं, हे जगभरच्या तुलनात्मक अभ्यासांतून पुन्हापुन्हा समोर आलं आहे. फरक पिकानुसार आणि जमिनीनुसार बदलतो, पण सरासरी 20 टक्क्यांच्या आसपास धरला जातो. स्वित्झर्लंडमध्ये 1978 पासून शेजारी-शेजारी प्लॉट करून चालवलेल्या दीर्घ प्रयोगाच्या पहिल्या 21 वर्षांतही साधारण एवढीच घट दिसली. मात्र त्याच प्रयोगात खतांचा वापर एक तृतीयांश ते निम्म्याने कमी होता आणि मातीतली जीवसृष्टी अधिक समृद्ध होती. बैठकीत कुणीतरी उत्पन्नाचा मुद्दा काढणारच. आपण तो आधीच, आपल्या आकड्यांसह मांडलेला असला की समोरचा आपलं पुढचं म्हणणंही विश्वासाने ऐकतो. ‘उत्पन्न अजिबात घटत नाही’ असं ठोकून देणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. त्यांना पुन्हा बैठकीला बोलावलं गेलं नाही.

‘एवढा पैसा कुठून आणायचा’ या प्रश्नाचीही तयारी ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या तीन संस्थांनी 2021 मध्ये मिळून मांडलेल्या हिशेबानुसार जगभरात शेती उत्पादकांना वर्षाला सुमारे 540 अब्ज डॉलरचा आधार दिला जातो आणि त्यातला 87 टक्के भाग किमती बिघडवणारा किंवा पर्यावरणाला आणि समाजाला घातक ठरणारा आहे. म्हणजे पैसा शेतीत येतोच आहे, त्याची वाट बदलायची आहे. आपल्या राज्याच्या किंवा देशाच्या अर्थसंकल्पात खतांवर आणि कीटकनाशकांवर किती खर्च होतो आणि सेंद्रिय शेतीच्या नावाने किती, हे दोन आकडे एकाच कागदावर एकाखाली एक लिहा. त्यावर भाष्य करायची गरज पडत नाही.

दुसरी मागणी प्रमाणीकरणाची. त्रयस्थ संस्थेकडून प्रमाणपत्र घ्यायचं तर शुल्क, निरीक्षकाचा प्रवास, कागदपत्रं, नमुन्यांची तपासणी, हे सगळं लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर जातं. माझं स्पष्ट मत आहे की या व्यवस्थेत एक मूलभूत अन्याय आहे. जो विष वापरत नाही त्याने ते सिद्ध करण्यासाठी पैसे मोजायचे आणि जो वापरतो त्याने काहीच सांगायचं नाही. हा अन्याय एका दमात जाणार नाही, पण तो हलका करण्याच्या वाटा अनेक देशांनी काढल्या आहेत. ब्राझीलने 2003 च्या सेंद्रिय शेती कायद्यापासून शेतकऱ्यांच्या सहभागी हमी पद्धतीला जागा दिली. शेतकरी आणि ग्राहक मिळून एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात, नोंदी ठेवतात आणि सगळ्या गटाची हमी घेतात. पुढे 2007 च्या नियमांनी त्याला त्रयस्थ प्रमाणपत्राच्या बरोबरीचं स्थान मिळालं. भारतातही 2017 च्या अन्न सुरक्षा नियमांत त्रयस्थ प्रमाणपत्र आणि सहभागी हमी अशा दोन्ही पद्धती मान्य आहेत. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2022 पासून लागू केलेल्या नियमांत तर स्वतःच्या हद्दीतल्या लहान शेतकऱ्यांनाही गट प्रमाणीकरण, म्हणजे सगळ्या गटाला मिळून एकच प्रमाणपत्र, खुलं केलं. गटात 2000 पर्यंत सदस्य चालतात आणि गटाची स्वतःची अंतर्गत नियंत्रण व्यवस्था असावी लागते. अमेरिकेत वर्षाला 5000 डॉलरपर्यंतच सेंद्रिय विक्री असलेल्या शेतकऱ्याला प्रमाणपत्र घेण्यातून सूट आहे, नियम मात्र पाळावेच लागतात.

तुमचा गट 40 जणांचा आहे, म्हणजे सहभागी हमीसाठी अगदी जमणारा आकार. पण एक सांगतो. सहभागी हमीत एकाने केलेली लबाडी 39 जणांना बुडवते, आणि शेजारी-शेजारी, नात्यागोत्यात राहणाऱ्या माणसांना एकमेकांची चूक लिहून ठेवणं फार जड जातं. आमच्या गटात एकाने तणनाशक मारलं होतं, सगळ्यांना माहीत होतं आणि पाहणीच्या वहीत कुणी लिहिलं नाही. ते बाहेरच्या खरेदीदाराने नमुना तपासला तेव्हा उघडं पडलं आणि दोन वर्षं आमच्या मालाला कुणी हात लावला नाही. म्हणून मागणीतच असं घाला की सहभागी हमीच्या गटांना सरकारने नमुना तपासणी मोफत करून द्यावी, आणि नमुना कुणाच्या शेतातून घ्यायचा हे चिठ्ठी काढून ठरावं. शिस्त आपण मागितली तर सूट मिळणं सोपं जातं.

तिसरा विषय बांधापलीकडून येणाऱ्या विषाचा. यावर माझं मन नेहमी भरून येतं, कारण यात मेहनती माणसाची काहीच चूक नसते. एका सकाळी मी एका शेतकऱ्याच्या टोमॅटोच्या प्लॉटमध्ये उभा होतो. बांधालगतच्या पहिल्या चार ओळींची शेंड्याची पानं खाली वळून अरुंद झाली होती, शिरा जाड आणि जवळजवळ समांतर दिसत होत्या, देठांना पीळ पडला होता. पाचव्या ओळीपासून लक्षणं कमी होत गेली होती आणि दहाव्या ओळीत झाड धडधाकट होतं. शेजाऱ्याने दोन आठवड्यांपूर्वी वाऱ्याच्या वेळी तणनाशक मारलं होतं. नुकसान चार ओळींचं, पण निषिद्ध रसायन जमिनीवर पडलं म्हणून तेवढ्या पट्ट्याचं रूपांतर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झालं. शेजारी वाईट माणूस नव्हता. त्याला वाऱ्याचं भान कुणी शिकवलंच नव्हतं.

अशा वेळी कायदा कुणाच्या बाजूने असतो ते पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका खटल्यात दिसलं. 2010 मध्ये शेजारच्या शेतातल्या जनुकीय बदल केलेल्या कॅनोला या तेलबियांच्या पिकाची कापून ठेवलेली झाडं वाऱ्याने उडून एका सेंद्रिय शेतात पडली आणि त्या शेतकऱ्याच्या सुमारे 70 टक्के जमिनीचं प्रमाणपत्र गेलं. त्याने शेजाऱ्यावर दावा केला. 2014 मध्ये तो हरला, 2015 मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. न्यायालयाने शेजाऱ्याला दोषी धरलं नाही, कारण त्याने परवानगी असलेलं पीक नेहमीच्या पद्धतीने काढलं होतं. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेशी केलेला करार हा सेंद्रिय शेतकऱ्याचा स्वतःचा मामला ठरला. यातून एवढं तरी शिकायला हवं की शेजाऱ्याशी भांडून हा प्रश्न सुटत नाही. कायद्यात आधीच लिहून ठेवावं लागतं: फवारणीची आगाऊ सूचना, वाऱ्याची मर्यादा, मधल्या मोकळ्या पट्ट्याचा भार दोघांनी वाटून घेणं आणि प्रदूषणामुळे प्रमाणपत्र गेलं तर भरपाईचा एक निधी. निधी रसायनांच्या विक्रीवरच्या छोट्या उपकरातून उभा करावा असं मला वाटतं. शेजाऱ्याला कोर्टात खेचावं लागू नये यासाठी तो हवा. गावात राहायचं आहे, पाणी एकाच ओढ्याचं आहे.

बाजाराच्या मागणीत ‘स्वतंत्र बाजारपेठ’ मागू नका, निदान पहिल्यांदा तरी. मी अशा इमारती पाहिल्या आहेत ज्यांचं उद्घाटन झालं आणि पुढच्या हंगामात तिथे गोदाम झालं. सरकार स्वतःच केवढं अन्न विकत घेतं ते आधी बघा. शाळा, दवाखाने, वसतिगृहं, तुरुंग. ब्राझीलने 2009 मध्ये कायदा करून शाळांच्या जेवणासाठीच्या केंद्रीय निधीतला किमान 30 टक्के भाग कुटुंब-शेती करणाऱ्यांकडून खरेदी करणं बंधनकारक केलं आणि सेंद्रिय मालाला 30 टक्क्यांपर्यंत जास्त भाव देण्याची मुभा दिली. कोपनहेगन शहराने आपली सार्वजनिक स्वयंपाकघरं 2007 पासून पद्धतशीरपणे सेंद्रिय करायला घेतली आणि दहा वर्षांच्या आत जवळजवळ 90 टक्क्यांपर्यंत पोचलं. अन्नखरेदीची रक्कम न वाढवता. तिथे कळीची गोष्ट होती स्वयंपाक्यांचं प्रशिक्षण. मांस कमी केलं, हंगामी भाज्या वाढवल्या, तयार पदार्थांऐवजी स्वयंपाकघरातच शिजवायला सुरुवात केली, वाया जाणारं अन्न घटवलं आणि वाचलेल्या पैशातून सेंद्रिय माल आला. म्हणून तुमच्या मागणीत आचाऱ्यांचं प्रशिक्षण जरूर लिहा. आणि निविदेची अट इतकी मोठी ठेवू नका असंही लिहा की लहान गट बादच होईल. लहान लहान भागांत निविदा, पंधरा दिवसांत पैसे, हंगामाप्रमाणे बदलणारी यादी. एवढं झालं तर स्वतंत्र बाजार आपोआप उभा राहतो.

आता निवेदनातल्या बंदीबद्दल. तुमच्या भावनेचा मी आदर करतो, तरी ती मागणी काढून टाका असं कळकळीने सांगतो. श्रीलंकेत 2019 च्या निवडणुकीत दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने सेंद्रिय शेतीकडे जाण्याचं वचन होतं. प्रत्यक्षात 2021 च्या एप्रिल-मेमध्ये रासायनिक खतं आणि कीडनाशकांची आयात एकाएकी बंद झाली. परकीय चलनाची टंचाई हेही त्यामागचं मोठं कारण होतं. पुरेसं सेंद्रिय खत तयार नव्हतं, शेतकऱ्यांना शिकवलं नव्हतं, भाताचं उत्पन्न कोसळलं, चहाचं घटलं आणि नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. तेव्हापासून जगात कुठेही सेंद्रिय शेतीच्या धोरणाचा विषय काढला की समोरून श्रीलंकेचं नाव येतं. शेतकऱ्यांवर लादलेल्या एका घाईच्या आदेशाने आपल्या सगळ्यांचं किती नुकसान केलं ते मी प्रत्येक बैठकीत अनुभवतो.

सिक्कीमनेही शेवटी बंदीच केली, पण वाट वेगळी होती. 2003 मध्ये विधानसभेत ठराव झाला, मग खतांचं अनुदान आणि पुरवठा वर्षागणिक थोडा थोडा कमी केला, 2010 मध्ये स्वतंत्र अभियान सुरू केलं, शेतांचं प्रमाणीकरण टप्प्याटप्प्याने पूर्ण केलं, 2014 मध्ये कायद्याने रसायनं बंद केली आणि जानेवारी 2016 मध्ये सुमारे 75 हजार हेक्टर शेतजमीन असलेलं राज्य संपूर्ण सेंद्रिय जाहीर झालं. म्हणजे तेरा वर्षं. आणि तिथे आधीपासून रसायनांचा वापर फार कमी होता हेही विसरू नये. बाजारपेठ आणि वाहतुकीच्या अडचणी तिथल्या शेतकऱ्यांना नंतरही भेडसावत राहिल्या. बैठकीत श्रीलंकेचा विषय निघाला की मी ही तेरा वर्षांची वाट सांगतो आणि विचारतो, यातलं पहिलं पाऊल आपण यंदा टाकू शकतो का?

निविष्ठांच्या अनुदानाबद्दलही माझं मत बहुतेक कार्यकर्त्यांपेक्षा वेगळं आहे. बाटलीबंद जिवाणू खतं, अर्क, पोती वाटण्याच्या योजनेत पैसा शेतकऱ्याच्या नावाने निघतो आणि पुरवठादाराकडे जातो. मी गोदामात मुदत संपलेल्या जिवाणू खतांची खोकी रचलेली पाहिली आहेत. उन्हात तापलेली, आतले जिवाणू सगळे मेलेले. शेतकऱ्याला रोख द्या, त्याला खत करायचं की विकत घ्यायचं ते तो ठरवील.

आता पद्धतीबद्दल. अर्थसंकल्प सादर होतो तेव्हा त्यातलं बहुतेक सगळं आधीच ठरलेलं असतं. खात्यांकडून प्रस्ताव मागवले जातात ते कित्येक महिने आधी. आपलं निवेदन त्या वेळी टेबलावर हवं, आणि ते दोन पानांचंच हवं: मागणी, हिशेब, लाभार्थी किती, तीन वर्षांचा खर्च, आणि ज्या नियमात बदल हवा त्याचा क्रमांक व सुचवलेली नवी शब्दरचना. अधिकाऱ्याला टिपणी लिहावी लागते. ती अर्धी आपण लिहून दिली की तिचा प्रवास सुरू होतो. मंत्र्यांना भेटून फोटो निघतो, पण टिपणी लिहिणाऱ्याला भेटल्याशिवाय काम होत नाही. त्याला एकदा शेतावर आणा, शक्यतो दुसऱ्या वर्षाच्या, अडचणीत असलेल्या शेतावर. हिरवंगार शेत दाखवलं तर तो म्हणेल, तुमचं चांगलंच चाललं आहे की.

कुठल्याही नियमाचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला की ती संधी सोडू नका. अमेरिकेत सेंद्रिय शेतीचा कायदा 1990 मध्ये झाला, पण नियमांचा पहिला मसुदा डिसेंबर 1997 मध्ये आला आणि त्यात जनुकीय बदल केलेली पिकं, किरणोत्सर्गाने प्रक्रिया केलेलं अन्न आणि सांडपाण्याचा गाळ यांना वाट मोकळी ठेवली होती. त्यावर पावणेतीन लाखांहून अधिक हरकती गेल्या. शेतकरी, ग्राहक, दुकानदार सगळ्यांनी लिहिलं. मसुदा बदलावा लागला, तिन्ही गोष्टी बाहेर गेल्या आणि नियम 2002 मध्ये पूर्णपणे लागू झाले. त्याच कायद्याने एक 15 जणांचं मंडळ नेमलं आहे आणि त्यात चार जागा सेंद्रिय शेतकऱ्यांच्या, तीन ग्राहक व लोकहिताच्या प्रतिनिधींच्या आहेत. सेंद्रिय उत्पादनात कुठला कृत्रिम पदार्थ चालेल यावर ते मंडळ शिफारस करतं. पैशापेक्षा अशी जागा मागणं मला जास्त मोलाचं वाटतं. योजना एका वर्षी येते आणि दुसऱ्या वर्षी बंद होते, कायद्यातली खुर्ची सहसा टिकते.

आणि सोबती शेतीखात्याबाहेर शोधा. म्युनिक शहराचा पाणीपुरवठा उपक्रम 1992 पासून आपल्या पाणलोट क्षेत्रातल्या शेतकऱ्यांना सेंद्रिय शेतीसाठी हेक्टरी पैसे देतो, कारण खतांतून पाण्यात उतरणारं नायट्रेट नंतर काढण्यापेक्षा ते मुळात पडूच न देणं परवडतं. तुमच्या भागात पिण्याचं पाणी कुठल्या विहिरीतून, कुठल्या धरणातून येतं आणि त्याच्या वर कुणाची शेतं आहेत? त्याचा नकाशा काढा आणि तो घेऊन पाणीपुरवठ्याच्या माणसाकडे जा. तिथे आजवर एकही सेंद्रिय शेतकरी गेलेला नसण्याची शक्यता आहे. डॉक्टर, मधमाशीपालक, मजुरांच्या संघटना यांनाही सोबत घ्या. रासायनिक शेती करणाऱ्यांना मात्र कधीही शत्रू ठरवू नका. त्यांच्यातले कितीतरी जण रूपांतराची रक्कम मिळाली तर उद्या आपल्यात येतील, आणि संख्या वाढल्याशिवाय आपलं कुणी ऐकणार नाही. जगातल्या एकूण शेतजमिनीत सेंद्रिय जमीन आजही अवघी 2 टक्क्यांच्या आसपास आहे.

मंजुरी मिळाली की काम संपलं असं समजून आम्ही एकदा मोठी चूक केली. आदेश निघाला, आम्ही एकमेकांना पेढे दिले आणि शेतात परतलो. अर्जाच्या नमुन्यात जमीनमालकाच्या सहीची अट कुणीतरी घातली होती आणि खंडाने कसणारे सगळे बाहेर पडले. आम्हाला ते आठ महिन्यांनी कळलं, तोवर मुदत संपली होती. त्या वर्षी सोडून गेलेल्यांत ती दिनदर्शिका ठेवणाऱ्या काकूही होत्या. म्हणून आदेशाची प्रत आली की त्याच आठवड्यात अर्जाचा नमुना मागवा, तो गटातल्या सर्वांत लहान, खंडाने कसणाऱ्या शेतकऱ्याकडून भरून घ्या आणि तो कुठल्या रकान्यात अडतो ते बघा. पहिला हप्ता त्याच्या खात्यात आला की मला कळवा.